सिस्टर, आमचा नंबर कधी?

वाचकांचे प्रश्न, ऑगस्ट २०२१

कोविड लसीचे दोन डोस झालेल्यांना १५ ऑगस्टपासून मुंबईच्या लोकलने जाता येईल असं जाहीर झालं आणि माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर एकदम बदलला. जूनपर्यंत लोक विचारायचे, लस घेऊ का? आता विचारतात, आमचा नंबर कधी? नवीन वाचकांसाठी सांगते. मी पालिकेच्या दवाखान्यात छत्तीस वर्षं परिचारिका होते, २०१७ मध्ये निवृत्त झाले, आणि यंदाच्या मार्चपासून घराजवळच्या लसीकरण केंद्रावर पुन्हा टोचायला बसते आहे. कुणाचंही नाव छापत नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहा.

सिस्टर, मी भांडुपला राहते. वय ३८. पोळीभाजीची चार कामं आहेत, दोन माटुंग्याला, दोन दादरला. ५ जुलैला पालिकेच्या केंद्रावर कोविशील्डचा पहिला डोस घेतला. माटुंग्याच्या दोन्ही घरांनी सांगितलंय, दोन डोस झाल्याशिवाय येऊ नको. बस बदलत जायला दीड तास जातो. वस्तीतला एक जण पैसे घेऊन दोन डोसचं सर्टिफिकेट काढून देतो म्हणतोय. मुलगी नको म्हणते. हे पत्रही तीच लिहिते आहे.

मुलीचं ऐका. पकडले जाण्याची भीती आहेच, पण मला दुसरीच काळजी वाटते. समजा त्या माणसाने खरोखर को-विनवर, म्हणजे सरकारच्या लसनोंदणीच्या संकेतस्थळावर, तुमच्या नावापुढे दुसरा डोस चढवला. मग दुसऱ्या डोसच्या दिवशी, २७ सप्टेंबरला, तुम्ही आधार कार्ड घेऊन केंद्रावर गेलात, की आमच्या टेबलावरचा ऑपरेटर सांगणार, ताई, तुमचे दोन्ही डोस झालेत. माझ्यासमोर असं घडलं तर मला तुम्हाला टोचता येणार नाही. पैसे गेले आणि लसही गेली. आणि नुसताच छापील कागद दिला, तर तो स्टेशनवरच अडेल. मुंबईतल्या ५३ स्टेशनांवर पालिकेची माणसं सर्टिफिकेट आणि ओळखपत्र तपासून शिक्का मारतात, त्यावर मासिक पास मिळतो.

आता तुमची तारीख. ५ जुलैला सोमवार होता. दोन डोसांत ८४ दिवस जावे लागतात, म्हणजे बरोबर बारा आठवडे, म्हणून तुमचा दिवसही सोमवारच, २७ सप्टेंबर. त्यानंतर लोकलच्या नियमाचे १४ दिवस धरा, ११ ऑक्टोबर. त्या दिवशी तुम्ही पासाच्या खिडकीवर उभ्या राहू शकता. २७ तारखेला लस संपली असेल तर घाबरू नका. मुदत बारा ते सोळा आठवड्यांची आहे, तुमच्या बाबतीत २५ ऑक्टोबरपर्यंत. जरा पुढे गेलं म्हणून पहिला डोस वाया जात नाही.

हे अंतर दोनदा बदललं, म्हणून लोकांचा विश्वास डळमळला, आणि त्यात लोकांची चूक नाही. जानेवारीत चार ते सहा आठवडे सांगितलं, २२ मार्चला सहा ते आठ, १३ मेला बारा ते सोळा. मे महिन्यात लस मिळत नव्हती, तेव्हाच अंतर वाढलं, म्हणून ‘लस नाही म्हणून लांबवलं’ असं सगळे म्हणाले. तुटवडा होता, ते मी नाकारत नाही. पण ब्रिटन, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिकेतल्या चाचण्यांचे आकडे फेब्रुवारीतच प्रसिद्ध झाले होते. दोन डोसांत सहा आठवड्यांहून कमी अंतर असेल तर या लसीची परिणामकारकता सुमारे ५५ टक्के, बारा आठवडे किंवा जास्त असेल तर ८१ टक्के. तुमचं शरीर या मधल्या काळात रिकामं बसलेलं नाही.

माटुंग्याच्या त्या दोन्ही घरांनीही हे वाचावं. या बाई २१ जूनच्या आधी पालिकेच्या केंद्रावर सहजासहजी लस घेऊच शकत नव्हत्या. अठरा ते चव्वेचाळीसचं लसीकरण राज्याने १२ मेला थांबवलं होतं, आणि खासगीत हजार-पंधराशे रुपये देणं त्यांना परवडणारं नव्हतं. नंबर उशिरा लागला म्हणून त्यांचा पगार बुडू नये. स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवा, दोघींनी मास्क लावा, आणि ऑक्टोबरपर्यंत त्यांना कामावर येऊ द्या. ते जमणार नसेल तर घरी बसवलेल्या महिन्यांचे पैसे द्या.

माझे सासरे ७१ वर्षांचे, लालबागला राहतो. चाळीस वर्षं मिलमध्ये होते. लस घ्यायला अजून तयार नाहीत. म्हणतात, “मिलमध्ये नवीन माग बसवायलाही वर्ष जायचं, वर्षात लस कशी होईल?” मार्चपासून त्यांचा नंबर लागलाय. काय करू?

सासऱ्यांचा प्रश्न चांगला आहे, त्याला खरं उत्तर द्यायला हवं. चाचण्यांच्या पायऱ्या गाळलेल्या नाहीत. एरवी एक पायरी संपली की पैसा आणि परवानगीसाठी वर्षं जातात. यावेळी पायऱ्या एकमेकींच्या पाठोपाठ घेतल्या, आणि निकाल हाती येण्याआधीच कारखान्यांनी लस बनवायला सुरुवात केली, ती फुकट जाण्याचा धोका पत्करून. कोविशील्डचं तंत्रही नवं नव्हतं. ऑक्सफर्डचे लोक तेच तंत्र मर्स नावाच्या दुसऱ्या कोरोना आजारासाठी आधीपासून वापरत होते. माग जुनाच, धागा नवा, असं सांगून बघा. त्यांना पटेल.

आणखी एक. तुम्ही लालबागला राहता, हाफकिन संस्था तुमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग आला. डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका छोट्या खोलीत काही महिन्यांत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने तयार झालेल्या कैद्यांना दिली. त्याच हाफकिनच्या आवारातून पुढे पोलिओचे डोस देशभर गेले. सासऱ्यांच्या दंडावर देवीच्या लसीचा व्रण असेल. तो त्यांना दाखवा आणि विचारा, तेव्हा कुणी समजावलं होतं?

पण माझा अनुभव सांगतो, म्हातारी माणसं जे कारण बोलून दाखवतात ते बरेचदा खरं कारण नसतं. एप्रिलमध्ये केंद्राच्या दारातून परत फिरणाऱ्या एका आजोबांना मी बाकावर बसवून चहा दिला. बऱ्याच वेळाने म्हणाले, ताप आला तर सुनेला रजा टाकावी लागेल, तिचा पगार कापतात. तुमच्या सासऱ्यांना नेमकं काय वाटतंय ते एकदा शांतपणे विचारा. आणि रविवारच्या आदल्या दिवशीचा शनिवार ठरवा, म्हणजे ताप आलाच तर घरात कुणीतरी असेल.

पार्ल्याहून लिहितो. वय ६७. माझा धाकटा भाऊ औषधाच्या दुकानात काउंटरवर होता. वय ४३. मला ४ मार्चला लस मिळाली, मी घरात बसून असतो. १ एप्रिलला ४५ ची मर्यादा आली. तो रोज खोकणाऱ्या माणसांना औषधं देत होता. २३ एप्रिलला गेला. मला भांडायचं नाही. हा क्रम कुणी आणि कसा लावला, एवढंच समजून घ्यायचं आहे.

काका, तुमचं पत्र मी तीन दिवस जवळ ठेवलं होतं. सांत्वनाचे शब्द माझ्याकडे नाहीत. क्रम कसा लागला ते सांगते, आणि कुठे चुकला असं मला वाटतं तेही सांगते.

१३ जानेवारीला पहिला साठा परळच्या एफ-दक्षिण विभाग कार्यालयात आला. १ लाख ३९ हजार ५०० डोस. प्रत्येकाला दोन लागणार, म्हणजे सत्तर हजार माणसंही पुरी होत नव्हती, आणि शहर सव्वा कोटीचं. अशा वेळी दोनच प्रश्न विचारता येतात. कुणाला आजार व्हायची शक्यता सर्वांत जास्त? आणि झाला तर मरायची शक्यता कुणाची सर्वांत जास्त? पहिल्या प्रश्नाचं उत्तर रुग्णालयं. १६ जानेवारीला सुरुवात झाली ती डॉक्टर, परिचारिका, वॉर्डबॉय, सफाई कामगार यांच्यापासून. २०२० च्या एप्रिलमध्ये कर्मचारीच आजारी पडल्यामुळे रुग्णालयं बंद झालेली मी पाहिली आहेत. परिचारिका नसेल तर खाट असून उपयोग नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला पोलीस आणि पालिकेचे कामगार आले. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वय. म्हणून १ मार्चपासून साठीच्या पुढचे, आणि पंचेचाळीस ते एकोणसाठमधले ज्यांना यादीतल्या वीसपैकी एखादा आजार आहे ते.

इथपर्यंतचा क्रम मला आजही बरोबर वाटतो. तुम्हाला ४ मार्चला मिळालेली लस तुमच्या हक्काची होती. ती भावाची हिसकावून घेतलेली नव्हती, हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण तुमच्या पत्रात तो सल मला दिसला.

चुकलं ते हे. ‘आघाडीवरचे कर्मचारी’ ही यादी करताना सरकारी आस्थापना मोजल्या गेल्या. ज्याचं नाव कुठल्यातरी सरकारी पगारपत्रकावर, त्याचं नाव सोपं सापडलं. औषधाच्या दुकानातला काउंटरवरचा माणूस, किराणा दुकानाचा नोकर, गॅस सिलिंडर वर चढवणारा, भाजीवाली, हे लॉकडाऊनमध्येही उभे होते, पण त्यांची यादी कुणाकडे तयार नव्हती. केमिस्टांच्या संघटना मागणी करत राहिल्या. तुमच्या भावाला वयाच्या रांगेत उभं केलं गेलं, तो कामाच्या रांगेतला होता.

दुसरी गोष्ट १ मेची. ३० एप्रिलपासून तीन दिवस लस नाही म्हणून मुंबईतली केंद्रं बंद ठेवायची वेळ आली होती, आणि त्यातल्याच १ मेला पाच केंद्रांवर अठरा ते चव्वेचाळीसचं उद्घाटन झालं. दोन आठवडेही चाललं नाही. या गोंधळात दुसऱ्या डोससाठी आलेली सत्तरीची माणसं पहाटे पाचपासून आमच्या केंद्राच्या फुटपाथवर बसलेली असायची, आणि दहा वाजता मला बाहेर येऊन सांगावं लागायचं, आज माल आला नाही. त्या दिवसांत एका आजींनी माझा हात धरला आणि सोडेनात. टप्पा उघडायचा तर आधी हातात कुप्या हव्यात, एवढा साधा हिशेब त्या महिन्यात पाळला गेला नाही, आणि त्याचा मला अजून राग येतो.

तिसरी गोष्ट फोनची. स्लॉट उघडायचे आणि मिनिटाभरात संपायचे. दक्षिण मुंबईतला मुलगा गोवंडीच्या केंद्राचा स्लॉट घ्यायचा आणि गाडीने तिथे जायचा, गोवंडीतली बाई दारात उभी राहायची. मे महिन्यात पालिकेने साठीच्या पुढच्यांसाठी सोमवार ते बुधवार थेट येण्याची सोय केली, तेव्हा कुठे आमच्या रांगेत गोधडीच्या पिशव्या घेतलेल्या म्हाताऱ्या दिसू लागल्या.

काका, भावाच्या दुकानातले बाकीचे जे आहेत, त्यांचे दोन डोस झालेत का, ते जाऊन विचाराल? आता वयाची आडकाठी नाही. कुणी राहिलं असेल तर मला कळवा.

पाचवा महिना आहे. सासूबाई लस नको म्हणतात. घेऊ का?

घ्या. २ जुलैला केंद्र सरकारने गर्भवतींना परवानगी दिली, मुंबईत १५ जुलैपासून सुरू झालं, कुठल्याही महिन्यात घेता येते. जानेवारीत आम्हीच गर्भवतींना परत पाठवत होतो, कारण तेव्हा त्यांच्यावर चाचण्या झालेल्या नव्हत्या, त्यामुळे सासूबाईंच्या मनात जे बसलंय ते आम्हीच बसवलेलं आहे. गरोदरपणात कोविड झाला तर अतिदक्षता विभागात जायची आणि दिवस भरण्याआधी बाळंत व्हायची शक्यता वाढते. तुमच्या डॉक्टरांशी बोला, आणि जाताना सासूबाईंना बरोबर न्या. केंद्रावरची परिचारिका त्यांच्याशी बोलेल.

पहिल्या डोसला मुलाचा मोबाइल नंबर दिला, दुसऱ्याला माझा. आता माझ्या नावावर पहिल्या डोसची दोन सर्टिफिकेटं आहेत. पास मिळेना.

यात तुमची काही चूक नाही, आठवड्याला अशी दहा माणसं मी पाहते. को-विनच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवायचा पर्याय आहे, त्यात दोन पहिल्या डोसची सर्टिफिकेटं एकत्र करता येतात. नाव, जन्मवर्षाची चूकही तिथेच सुधारते, पण ती सोय एकदाच मिळते, म्हणून आधार कार्ड समोर ठेवूनच भरा. अडलं तर १०७५ वर फोन करा. सोसायटीत शिबिर घेणाऱ्या वाचकांनाही सांगते, टोचल्यावर त्याच दिवशी संदेश आला पाहिजे आणि सर्टिफिकेटवर तुमच्याच केंद्राचं नाव पाहिजे. कांदिवलीच्या एका सोसायटीत मे महिन्यात बनावट लसीकरण शिबिर झालं, ते सगळ्यांनी वाचलंच आहे.

गिरगावातली चाळ, तिसरा मजला, लाकडी जिना. आई ८२ वर्षांची. दिवाळीत खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून अंथरुणात. मार्चपासून विचारतोय. प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर, खाली आणा. चार माणसांनी खुर्चीवरून उतरवायला गेलो, आई वेदनेने ओरडली, परत ठेवली. पाच महिने ती एका खोलीत आहे आणि आम्ही सगळे बाहेर जाऊन येतो.

दादा, पाच महिने थांबायला लागलं हे वाईट झालं. नियमाने मार्चच्याच टप्प्यात बसणारी बाई जिन्यामुळे शेवटच्या टप्प्यात गेली.

१९९५ साली पल्स पोलिओ सुरू झालं, तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी असले जिने खूप चढले आहे. बूथवर न आलेल्या मुलाच्या दारावर खडूने फुली मारायचो, ते एक्स घर. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी परत जायचं, ती फुली जाईपर्यंत. म्हणून या वर्षी पहिल्या दिवसापासून मला वाटत होतं, आपल्याला घरं माहीत आहेत, मग जात का नाही? अडचण लसीच्या कुपीत आहे, ती समजून घ्या, म्हणजे तुम्हाला काय करायचं तेही कळेल. पोलिओचे दोन थेंब तोंडात टाकले की निघायचं. इथे एका कुपीत दहा डोस. उघडली की चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. आणि टोचल्यावर अर्धा तास माणसाजवळ थांबायचं. एका घरातून दुसऱ्या घरात जायचे, जिने चढायचे, अर्धा तास थांबायचं. चार तासांत पाच घरं झाली तरी पथक थकतं, आणि पाच डोस कचऱ्यात जातात. केंद्र सरकार उच्च न्यायालयात हीच कारणं देत होतं. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने विषय सोडला नाही, राज्य सरकारने स्वतः जबाबदारी घेतली, आणि ३० जुलैला के-पूर्व विभागात, म्हणजे अंधेरी-जोगेश्वरी पूर्वेला, घरी जाऊन लस द्यायला सुरुवात झाली. आता हे एकेका विभागात वाढतंय.

तुम्ही दोन गोष्टी करा. तुमच्या डॉक्टरांकडून आई अंथरुणातून उठू शकत नाही असं लेखी घ्या, आणि विभाग कार्यालयाच्या वॉर रूममध्ये, म्हणजे तिथल्या कोविड मदतकक्षात, नाव द्या. दुसरी जास्त महत्त्वाची. तुमच्या चाळीत आणि आजूबाजूच्या चार चाळींत असं आणखी कोण आहे ते शोधा. गिरगावात दहा नावं सहज मिळतील, तुम्ही गणपतीची वर्गणी ज्या घरांत मागता तीच घरं. दहा नावांची एक यादी, पत्ता, मजला, फोन नंबर लिहून द्या. म्हणजे एक कुपी एकाच गल्लीत संपेल, एक परिचारिका टोचत पुढे जाईल, दुसरी मागे थांबून लक्ष ठेवेल. अशी यादी हातात आली तर वैद्यकीय अधिकाऱ्याला तुमच्याकडे येणं सोपं जातं.

पथक यायच्या दिवशी आईंना नेहमीसारखं खायला द्या, उपाशी ठेवू नका. सैल बाहीचं पोलकं घाला. हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती टोचण्याआधी दाखवा, मग परिचारिका बारीक सुई वापरेल आणि जागा दोन-तीन मिनिटं दाबून धरेल. चोळू नका. रात्री ताप आला तर पॅरासिटामॉल चालेल. पाठीला, टाचांना जखमा झाल्या असतील तर लाजू नका, त्याच वेळी दाखवा, डॉक्टर आलेलेच असतात. आणि दादा, तुमच्या जिन्यात दुपारीसुद्धा काळोख असेल. त्या दिवशी प्रत्येक मजल्यावरचा दिवा लावून ठेवा, आमच्या पोरींच्या हातात थंडपेटी असते.